लेकराशी कोणत्या भाषेत बोलायचं?



गटाची बैठक संपत आली, बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत लिहून झाले, की बायका मनातलं विचारायला लागतात. गेल्या काही महिन्यांत आम्हा सहयोगिनींना गावोगाव एकच प्रश्न येतोय, आणि तो कर्जाचा नाही. "ताई, लेकराशी कोणत्या भाषेत बोलायचं?" घरात अहिराणी, पाड्यावर पावरी, अंगणवाडीत मराठी, आणि पिवळी बस न्यायला येते त्या शाळेत इंग्रजी. कुणीतरी सांगून जातं की घरातली बोली बंद करा, नाहीतर पोर मागं राहील. मग आई बोली बंद करते. मराठी बोलताना अडखळते, इंग्रजी तर येतच नाही. शेवटी होतं काय, की ती लेकराशी बोलायचंच कमी करते आणि हातात मोबाइल देते. त्यातली बाई इंग्रजीत गाणी म्हणते, ती शिकवील म्हणून.

हे आम्हाला फार लागतं. कारण यात आई काही चुकीचं करायला जात नाही. लेकराचं भलं व्हावं म्हणूनच ती गप्प बसते. म्हणून लहान मूल बोलायला कसं शिकतं, आणि जगात वेगवेगळ्या ठिकाणच्या आया बाळांशी कशा बोलतात, हे आज सांगणार आहोत.

सुरुवात पोटातल्या बाळापासून करू. गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाला ऐकू यायला लागतं. आतमध्ये शब्द स्पष्ट पोचत नाहीत, पण बोलण्याची चाल पोचते. कुठं आवाज चढतो, कुठं उतरतो, ते. २००९ साली जर्मनीतल्या कॅथलीन वर्म्के आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी साठ नवजात बाळांचं रडणं नोंदवून तपासलं. तीस बाळं फ्रेंच बोलणाऱ्या घरांतली, तीस जर्मन बोलणाऱ्या. वय तीन ते पाच दिवस. फ्रेंच बाळांच्या रडण्यात आवाज खालून वर चढत जायचा, जर्मन बाळांच्या रडण्यात वरून खाली उतरायचा. त्यांच्या आयांच्या भाषांची चालही तशीच आहे. म्हणजे बारसं व्हायच्या आधीच बाळ आईच्या भाषेच्या चालीत रडतं! जी आई नऊ महिने पावरीत बोलली, भांडली, हसली, तिच्या बाळाच्या कानात तीच चाल बसलेली असणार.

पुढची गोष्ट तर आपल्याच अक्षरांची आहे. 'त' आणि 'ट' म्हणून बघा. 'त'ला जीभ दातांना लागते, 'ट'ला वळून वर टाळूला लागते. आपल्याला हा फरक ऐकून इतका सवयीचा, की त्यात काही विशेष वाटत नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो सहसा ऐकूच येत नाही. दोन्ही त्याला एकच वाटतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर हे बाळांवर तपासून १९८४ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी हिंदीतले असे आवाज इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. आवाज बदलला आणि बाळानं मान वळवली, की डब्यातलं खेळण्यातलं जनावर उजळून दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना फरक कळला. जन्मात हिंदी न ऐकलेल्या! पण दहा-बारा महिन्यांच्या इंग्रजी बाळांत फार थोड्यांनाच तो कळला. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र कळत होता.

याचा अर्थ असा की बाळ जन्माला येतं ते जगातल्या कुठल्याही भाषेसाठी कान उघडे ठेवून. पहिल्या वर्षात ते आजूबाजूचं बोलणं ऐकून ठरवतं की आपल्या घरात कोणते आवाज लागतात. लागतात ते पक्के करतं, लागत नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. बाळ अजून एक शब्द बोललेलं नसतं, तेव्हाच हे काम झालेलं असतं. "त्याला काय कळतंय अजून" असं आपल्याकडे म्हणतात ना, तेव्हा ही गोष्ट आठवा.

आता बोबड्या बोलांचं. मंमं, दुदू, जोजो, भूर, हम्मा, भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हाहा, बाऊ, छीछी. हे शब्द शाळेच्या पुस्तकात नाहीत, पण प्रत्येक आजीला येतात. शिकलेल्या घरांत हल्ली सांगतात की असं बोबडं बोलू नका, मूल बोबडंच राहील. खरं तर या शब्दांवर अभ्यासकांनी मोठा अभ्यास केलाय. आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर १९६४ साली स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतले चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांमधली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि त्या सहांत आपली मराठी होती. एकमेकींपासून हजारो मैल दूरच्या या आया, पण बाळाशी बोलायची तऱ्हा सारखी. शब्द छोटे, दोनदा म्हणायचे, आवाज सोपे. बाळाला ओठ मिटून उघडले की म, ब, प जमतात. र, ळ, श नंतर येतात. म्हणून 'राम'चा 'लाम' होतो. तो काही बिघाड नाही, वयाचा भाग आहे, आणि आजीनं मंमं म्हटल्यामुळे तर तो मुळीच होत नाही.

पण सगळ्या जगात आया बाळाशी असं बोलतात का? नाही, आणि आम्हाला स्वतःला यातलं सगळ्यात जास्त आवडलेलं उदाहरण हेच आहे.

पापुआ न्यू गिनी नावाचा देश ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आहे. तिथं घनदाट जंगलात बोसावी भागात कालुली नावाचे लोक राहतात. १९७० नंतरच्या दशकात बाम्बी शिफेलिन ही अमेरिकन बाई तिथं राहिली आणि आया-मुलांचं बोलणं टेपवर घेतलं. कालुली आई बाळाला सारखं जवळ ठेवते, जाळीच्या झोळीत घालून कामाला नेते, रडलं की पाजते. पण बाळाकडे तोंड करून गप्पा मारत बसत नाही. बाळाला अजून समज नाही, ते मऊ आहे, असं तिथं मानतात. आणि बोबडं बोलणं तर त्यांना अजिबात पटत नाही. बाळानं घट्ट, पक्की भाषा शिकायची, मग त्याच्यापुढं मोडकीतोडकी का बोलायची, असा त्यांचा सवाल.

मग करतात काय? आई बाळाला मांडीवर घेते, पण तोंड लोकांकडे करून. समोर मोठं भावंडं आलं की आई बारीक, नाकातल्या आवाजात बाळाच्या वतीनं बोलते. जणू बाळच दादाशी बोलतंय. यात आपल्या बायकांना काही ओळखीचं वाटलं का? आपली आजी नाही का बाळाला मांडीवर घेऊन पाहुण्यांना सांगत, "आम्ही नाही बाई येणार तुमच्याकडे, आम्ही आत्ता न्हाऊन आलोय"? अगदी तेच.

बाळ भाषा शिकायला लागलं हे कालुली दोन शब्दांवरून ठरवतात. 'नो' म्हणजे आई, 'बो' म्हणजे आईचं अंगावरचं दूध देणारं अंग. हे दोन शब्द बाळाच्या तोंडून आले की शिकवणी सुरू. आई एक वाक्य म्हणते आणि पुढं जोडते, 'एलेमा'. म्हणजे, असं म्हण. "ते माझं आहे, दे. एलेमा." मूल तसं म्हणतं. आपणही "म्हण, मामा या" करतोच की! फरक इतकाच की आपल्या 'म्हण'मध्ये कौतुक जास्त, त्यांच्या 'एलेमा'मध्ये कामाचं बोलणं जास्त. चारचौघांत मागायचं कसं, हक्क सांगायचा कसा, कुणी काही हिसकावलं तर उत्तर काय द्यायचं, हे ते पोराला पहिल्यापासून शिकवतात. आम्हाला वाटतं, मुलींना हे शिकवायला आपणही हरकत नाही.

सामोआ नावाच्या बेटांवर एलिनॉर ओक्स या अभ्यासक बाईंना आणखी वेगळं दिसलं. तिथं मूल काही अस्पष्ट बोललं तर मोठी माणसं "तुला पाणी पाहिजे का, हे पाहिजे का" असा अंदाज करत बसत नाहीत. परत सांग म्हणतात. समजेल असं बोलणं ही मुलाची जबाबदारी. आणि गंमत म्हणजे मुलाचा पहिला शब्द शिवीचा असतो असं तिथले लोक सांगतात. बाळ म्हणजे खोडकरच, मग पहिला शब्द दुसरा कुठला असणार!

मेक्सिकोत डोंगरातल्या त्सेल्ताल माया लोकांच्या गावात मुलांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून दिवसभराचं बोलणं नोंदवलं. थेट बाळाला उद्देशून बोललं जायचं ते तासाला चार मिनिटांहूनही कमी. बाकी वेळ बाळ आईच्या पाठीवर, कामाच्या ठिकाणी, मोठ्यांचं बोलणं ऐकत. तरी ही मुलं बडबड, पहिला शब्द, शब्दाला शब्द जोडणं, हे सगळं साधारण इतर मुलांच्याच वयात करू लागली. २०२० साली हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे बोलायला शिकवायची एकच बरोबर रीत जगात नाही. बोलणाऱ्या माणसांत वाढलेलं मूल बोलतं.

मग गरिबांच्या घरात मुलं कमी शब्द ऐकतात, असं जे प्रशिक्षणांत सांगतात ते काय आहे? ते अमेरिकेतून आलंय. कॅन्सस भागात बेट्टी हार्ट आणि टॉड रिसली यांनी ४२ कुटुंबांत जाऊन महिन्याला एक तास बोलणं नोंदवलं, आणि १९९५ साली हिशोब मांडला की चार वर्षांचं होईपर्यंत गरीब घरातलं मूल सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा जगभर पसरला. पण त्या ४२ घरांत सरकारी मदतीवर जगणारी घरं होती फक्त सहा! आणि त्यांनी मोजलं ते मुख्यतः मुलाला उद्देशून बोललेलं. २०१९ साली दुसऱ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन मावशी, आजी, भावंडं, शेजारी, आणि मुलाच्या कानावर पडणारं इतरांचं बोलणं, सगळं धरलं. तेव्हा काही गरीब वस्त्यांतली मुलं भरपूर भाषा ऐकताना सापडली. आपल्या ओट्यावर, पाणवठ्यावर, निंदणीच्या ओळीत मुलाच्या कानावर काय कमी बोलणं पडतं का? ते कुणी मोजलं नाही एवढंच.

पण थांबा. यावरून "मग लेकराशी बोलायची गरजच नाही" असं कुणी घेऊ नये. आपली मुलं पुढं शाळेत जाणार आहेत, तिथं प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, गोष्ट सांगावी लागते. मेक्सिकोतल्याच दुसऱ्या माया गावात असं दिसलं की मोठी माणसं ज्या मुलांशी थेट जास्त बोलली, त्यांचे शब्द पुढं जास्त झाले. आणि २०१८ साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात कळलं की नुसते किती शब्द कानावर पडले यापेक्षा आळीपाळीनं बोलणं जास्त महत्त्वाचं. मूल एक बोललं, आई एक बोलली, परत मूल बोललं. अशा पाळ्या ज्यांच्या जास्त, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना जास्त काम करत होता. आई-बापाची कमाई आणि शिक्षण बाजूला काढून पाहिलं तरी हा फरक राहिला. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. पाळी द्यायला पैसा लागत नाही, दहावी पास असावं लागत नाही.

आता मोबाइलकडे येऊ. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, खेळली, पुस्तक दाखवलं. पंचवीस-पंचवीस मिनिटं, बारा वेळा. काही बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसांसोबत बसलेल्या बाळांना चिनी आवाज ओळखता आले. टीव्ही पाहिलेल्यांना काहीच नाही, चिनी कधी न ऐकलेल्या बाळांसारखीच राहिली. हे २००३ सालचं. म्हणजे ती इंग्रजी गाण्यांची बाई तुमच्या दहा महिन्यांच्या बाळाला इंग्रजी शिकवत नाही. ते नुसतं रंगांकडे बघतं. मात्र ऊसतोडीला किंवा सुरतेला गेलेला बाप व्हिडिओ कॉलवर बोलतो, ते यात धरू नका. तिथं समोरून उत्तर येतं. दोन वर्षांच्या पुढची मुलं असल्या बोलण्यातून शब्द शिकतात, असं अभ्यासातही दिसलंय.

परत मूळ प्रश्नावर. भाषा कोणती? आमचं उत्तर सरळ आहे : जी तुमच्या तोंडी विचार न करता येते, ती. जिच्यात तुम्हाला रागावता येतं, गोंजारता येतं, ओवी म्हणता येते, खोटं खोटं रुसता येतं. अडखळत बोललेल्या भाषेत पाळ्या होत नाहीत, नुसत्या सूचना होतात. "बस. खा. सिट डाउन." एवढंच. अहिराणीत तीच आई अर्धा तास बोलेल, पावसावर, म्हशीवर, शेजारणीवर.

दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो ही भीतीही काढून टाका. दोन भाषांत वाढणारी मुलं त्यामुळं उशिरा बोलत नाहीत. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळतात, कारण जवळ असलेला शब्द ती वापरतात. आपणही करतोच. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. नाहीतर अंगणवाडीत गप्प दिसणारी पोरगी पाड्यावर दिवसभर चुरूचुरू बोलत असते आणि आपण तिला मंद ठरवतो.

अंगणवाडीतल्या ताईंनाही एक विनंती आहे. पोर म्हणतं, "मनी माय वावरमा शे." लगेच "असं नाही, माझी आई शेतात आहे असं म्हण" असं तोडू नका. आधी उत्तर द्या. "हो का? माय वावरात गेली का? काय करायला?" तुमच्या तोंडून 'वावरात', 'गेली' त्याला ऐकू येतं, आणि त्याची पाळीही जात नाही. कोरकू आणि गोंडी घरातल्या मुलांसाठी तर हे आणखी गरजेचं, कारण त्या भाषा मराठीच्या कुळातल्याच नाहीत. त्या मुलाला आपली मराठी, आपल्याला तेलुगू वाटेल तितकी परकी असू शकते.

हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ साली डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, झोपड्यांच्या अंगणात गेली. म्हणून अंगणवाडी. दगड, पानं, बिया, शिंपले हीच खेळणी. १९७५ साली सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडीच म्हणतात. शाळेनं मुलाकडे जायचं, हा त्या नावातच अर्थ आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय की शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं. इंग्रजी नको असं आम्ही म्हणत नाही. ज्याला ती येते त्याच्याकडून मूल शिकेल, आणि घरची भाषा पक्की असली तर ते अवघड जात नाही.

वेगळा वेळ काढायचीही गरज नाही. भाकरी थापताना पीठाचा गोळा लेकराच्या हातात द्या आणि विचारा, कुणासाठी करतोस? मग थांबा. हे थांबणं आपल्याला जमत नाही, आपणच उत्तर देऊन टाकतो. मनात पाच आकडे मोजा. बाळ बोलत नसलं तरी हुंकार देतं, हात हलवतं, ती त्याची पाळी. सासूबाईंच्या कहाण्या, उखाणे, कोडी यांना जागा ठेवा. वडिलांनाही बोलू द्या, पुरुषानं बाळाशी बोबडं बोललं म्हणून त्याची इज्जत जात नाही.

शेवटी कानांचं, कारण हे राहून गेलं तर वरचं सगळं फुकट. ज्याला ऐकू येत नाही ते बाळही सुरुवातीचे महिने हुंकार देतं, आवाज काढतं. त्यामुळं घरात कुणाला शंका येत नाही. मागून थाळी वाजवली तर दचकतं का, हाक मारली तर सहा-सात महिन्यांचं बाळ वळतं का, बघा. वर्षाचं झालं तरी बाबा-दादा-मामा अशी बडबड नाही, दीड वर्षाला एक शब्द नाही, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही, किंवा बोलत होतं आणि बंद झालं, तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणून बसू नका. वेखंड मधात उगाळून चाटवत वाट बघू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये असं डॉक्टर सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यात ऐकण्याची तपासणी आहे, आणि पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. पथक कधी येणार ती तारीख अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारून गटाच्या वहीत हप्त्यांच्या तारखांशेजारी लिहून ठेवा, आणि त्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या आईचं बाळ कोण घेऊन जाणार तेही बैठकीतच ठरवा.